उमेदवार बाहेर पडल्यानंतर: चाकणच्या एका पॅनेलचा प्रकरण अभ्यास

चाकणमधल्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला सप्लायर क्वालिटी इंजिनिअर हवा होता. एकच जागा. पाच ते आठ वर्षांचा अनुभव, शीट मेटलची जाण आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस भोसरी, तळवडे, रांजणगाव, कधी पार वाळूजपर्यंत पुरवठादारांकडे फिरायची तयारी, एवढी अट. अर्ज गाळत गाळत शेवटी दोघं उरले आणि त्यांच्यासाठी पाच जणांचं पॅनेल बसलं. मी त्यात बाहेरचा तांत्रिक जाणकार म्हणून होतो. कंपनीचं किंवा कुणाचं नाव इथे येणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जिची निवड झाली तिच्याशी नंतर सविस्तर बोलणं झालं. तिची तयारी कशी होती हे तिच्याच परवानगीने लिहितो आहे.

कागदावर ती मागे होती. दुसरा उमेदवार पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजचा बी.ई., सात वर्षं मोठ्या कंपनीत, ऑडिटचे दोन-तीन कोर्स केलेले, इंग्रजी सफाईदार. तिचा आधी डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून पदवी. सहा वर्षं भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून-वाकवून भाग बनवणाऱ्या कारखान्यात. पन्नास-साठ माणसांचं युनिट, आणि तिथला क्वालिटी विभाग म्हणजे ती आणि दोन इन्स्पेक्टर. अशा युनिटमध्ये क्वालिटीवाल्याला गेज कॅलिब्रेशनला पाठवण्यापासून ग्राहकाच्या शिव्या खाण्यापर्यंत सगळंच करावं लागतं. बायोडेटात मात्र ते फिकं दिसतं.

टेबलापलीकडचे पाच जण

क्वालिटी हेड अध्यक्ष होते. शेजारी खरेदी विभागाचे व्यवस्थापक, मूळचे कानपूरचे, पुण्यात बरीच वर्षं; मराठी समजतं, बोलतात हिंदी-इंग्रजी. मग प्रॉडक्शन मॅनेजर, खेड तालुक्यातले, शॉप फ्लोअरवर हेल्परपासून चढत आलेले. एचआरच्या मॅडम आणि टोकाला मी.

पॅनेलपुढे बसणारा माणूस बहुधा समजतो की पाच जण मिळून एकच परीक्षा घेत आहेत. तसं नसतं. प्रत्येक जण आपापली भीती घेऊन आलेला असतो. खरेदीवाल्याला भीती ही की नवा क्वालिटीवाला येईल, नियमावर बोट ठेवून माल अडवेल आणि वरून भाव कसा वाढला याचा जाब मला द्यावा लागेल. प्रॉडक्शनवाल्याची भीती नेमकी उलटी: हा ऑफिसात बसून सह्या करेल, खराब लॉट आत येईल आणि रात्री दोन वाजता लाईन माझी थांबेल. क्वालिटी हेडना हवा होता पद्धतशीर माणूस. एचआरला चिंता होती ती आधीचे दोघं दीड वर्षाच्या आत सोडून गेले याची.

हे सगळं बाहेरच्या उमेदवाराला कसं कळणार? पूर्ण कळत नाही, पण अंदाज बांधता येतो आणि तिने तो बांधला होता. मुलाखतीचा ईमेल आला तेव्हा तिने एचआरला फोन करून विचारलं, ‘पॅनेलवर कोणत्या विभागाची माणसं असतील?’ नावं मिळाली नाहीत, विभाग मिळाले. एवढा साधा फोन फारच थोडे जण करतात. विचारलं तर वाईट दिसेल असं का वाटतं कोण जाणे. एचआरच्या मॅडमनी नंतर सांगितलं की दुसऱ्या उमेदवाराने विचारलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं.

विभाग कळल्यावर तिने आपल्या सहा वर्षांतली तीन प्रकरणं निवडली आणि प्रत्येक प्रकरण प्रत्येक विभागाच्या बाजूने कसं दिसलं असेल ते एका कागदावर लिहून काढलं. पाठांतर केलं नाही. उत्तरांची यादी करायची ती वेळ तिने आकडे तपासण्यात घातली. जुन्या फायली काढल्या, किती पीस रिजेक्ट झाले, किती दिवस सॉर्टिंग (चांगले-खराब पीस वेगळे करणं) चाललं, बदल केल्यावर काय फरक पडला, हे पाहून घेतलं. ग्राहकाची नावं आणि ड्रॉइंग नंबर मुद्दाम वगळले. हे शेवटचं मला फार आवडलं, कारण दुसऱ्या उमेदवाराने बोलण्याच्या भरात आपल्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव आणि त्याच्या नव्या गाडीचा एक तपशील सहज सांगून टाकला होता. क्वालिटी हेडनी तेव्हा मान हलवली, पण वहीत काहीतरी लिहिलं.

सुरुवात बरी नव्हती

‘टेल अस अबाउट युअरसेल्फ’ला तिने दहावीच्या टक्क्यांपासून सुरुवात केली. इंग्रजीत, एका दमात, पाठ केल्यासारखी. मग डिप्लोमा, मग पदवी, मग वडील काय करतात. प्रॉडक्शन मॅनेजरांनी फोन उलटा करून पाहिला. ती पूर्ण वेळ फक्त क्वालिटी हेडकडे बघत होती, कारण प्रश्न त्यांनी विचारला होता.

या प्रश्नाला पॅनेलला जीवनचरित्र नको असतं. समोरचा अर्ज सगळ्यांनी वाचलेला नसतो, काहींनी तर खोलीत शिरतानाच हातात घेतलेला असतो. त्यांना हवं असतं एवढंच की सध्या काय करता, त्यातलं कोणतं काम या जागेशी जुळतं आणि इथे का यायचंय. मिनिट-दीड मिनिटात हे होतं. तिची तीन मिनिटं गेली. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत तीन मिनिटं थोडी नाहीत, पण नुकसान भरून निघण्याजोगं होतं. पुण्यात मुलाखतीचे क्लास चालवणारे पहिल्या छापाचा जो बागुलबुवा उभा करतात, तो पाच जणांच्या पॅनेलला तितकासा लागू पडत नाही. पाच जणांचे पहिले छाप वेगवेगळे असतात आणि एकमेकांना खोडतात.

बरचं प्रकरण

दुसरा प्रश्न ठरलेला होता, दोघांनाही तोच: ग्राहकाकडून आलेली एक गंभीर तक्रार तुम्ही कशी सोडवली?

तिने इंग्रजीत सुरुवात केली, दुसऱ्या वाक्याला अडखळली आणि थांबून म्हणाली, ‘सर, हे शॉप फ्लोअरचं आहे, मराठीत सांगितलं तर नीट सांगता येईल. चालेल का?’ मग खरेदी व्यवस्थापकांकडे वळून, ‘सर, आप को बीच में कुछ रिपीट करना हो तो बताइए.’ ते म्हणाले, ‘चलेगा, मराठी समझता हूँ.’ त्या एका वाक्याने ते मुलाखतीत आले. तोवर ते पाहुण्यासारखे बसले होते.

परवानगी न मागता भाषा बदलणं आणि मागून बदलणं यात पॅनेलला फरक दिसतो. चाकणच्या कारखान्यांत कामकाज मराठी-हिंदीत चालतं आणि कागदपत्रं इंग्रजीत. या जागेला दोन्ही लागणार होतं. एचआरच्या मॅडमनी पुढे एक छोटा प्रश्न मुद्दाम इंग्रजीत विचारला आणि तिने त्याचं उत्तर इंग्रजीतच, साध्या वाक्यांत दिलं. तेवढं पुरलं.

प्रकरण असं होतं. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक ब्रॅकेट. आधी ब्लँकिंग-पियर्सिंग, म्हणजे पत्र्याचा तुकडा (ब्लँक) कापून त्यात होल पाडणं, मग बेंडिंग, म्हणजे तो वाकवणं. ग्राहकाकडे होलपासून वाकवलेल्या फ्लँजपर्यंतचं अंतर सहनमर्यादेबाहेर जायला लागलं. मर्यादा होती अधिक-उणे ०.२ मिलिमीटर. खराब पीस सगळे दुसऱ्या शिफ्टमधले. दुसऱ्या शिफ्टला बेंडिंगवर नवा मुलगा होता. ग्राहकाला घाईने पाठवलेल्या पहिल्या ८डी अहवालात (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा कागद) मूळ कारण लिहिलं गेलं: ऑपरेटरचा हलगर्जीपणा. उपाय: ऑपरेटरला प्रशिक्षण. मालकांनी सही केली, सगळे खूष.

‘तो अहवाल मी लिहिलेला नव्हता,’ ती म्हणाली, ‘पण ग्राहकाकडे मीच घेऊन गेले होते.’ इथे तिने कुणावर ढकललं नाही आणि उगाच कपाळही बडवलं नाही.

तीन आठवड्यांनी तीच तक्रार परत आली. मग ती पूर्ण शिफ्ट बेंडिंग प्रेसजवळ उभी राहिली, आधी पहिली शिफ्ट, मग दुसरी. पहिल्या शिफ्टचा जुना ऑपरेटर प्रत्येक ब्लँक डायवर ठेवायच्या आधी होलच्या कडेवरून कानस फिरवत होता. दोन सेकंदांचं काम, वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये कुठेही नाही. विचारलं तर म्हणाला, ‘बर येतीय ना ताई, काढली नाही तर पिनवर बसत नाही.’ म्हणजे पियर्सिंगचा पंच झिजला होता. होलच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरणारी धातूची खरखरीत धार, उभी राहत होती, त्यामुळे ब्लँक लोकेटिंग पिनवर पूर्ण खाली बसत नव्हता, किंचित तिरका राहत होता, आणि तसाच वाकला की अंतर सरकत होतं. जुना माणूस दोष झाकत होता, आणि तो झाकतो आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. नव्या मुलाला कानशीचं कुणी सांगितलंच नव्हतं. तो लिहिलेल्या सूचनेप्रमाणे तंतोतंत काम करत होता आणि खापर त्याच्यावर फुटलं होतं.

पुढचा ‘का’: पंच इतका झिजेपर्यंत चालला कसा? रीग्राइंडिंग, म्हणजे पंचाला परत धार लावणं, महिन्याच्या हिशेबाने ठरलेलं होतं. ऑर्डर जवळपास दुप्पट झाली, स्ट्रोक दुप्पट झाले, तारीख मात्र तीच राहिली. उपाय म्हणून तिने प्रेसवरचा बंद पडलेला स्ट्रोक काउंटर चालू करून घेतला, चाळीस हजार स्ट्रोकला रीग्राइंडिंग ठरवलं, आणि बरची उंची पहिल्या व शेवटच्या पीसवर मोजून लिहायला लावली. जाडीच्या दहा टक्के, म्हणजे ०.२ मिलिमीटरवर गेली की टूल उतरवायचं. आणि कानस काढून घेतली. ‘कानस राहिली असती तर बर परत लपली असती.’

हे सांगताना ती कुणाकडे बघत होती ते मी टिपून ठेवलं होतं. स्ट्रोक आणि टूलचं बोलताना प्रॉडक्शन मॅनेजरांकडे. सॉर्टिंगला चार माणसं तीन दिवस लागली आणि त्याचा खर्च युनिटला कसा झोंबला, हे खरेदी व्यवस्थापकांकडे बघत. ‘का’ची साखळी क्वालिटी हेडकडे. पहिल्या उत्तराच्या वेळची ती ही नव्हतीच. आय-कॉन्टॅक्ट ठेवा, सगळ्यांकडे आळीपाळीने बघा, असं शिकवतात. त्याने माणूस टेबल फॅनसारखा मान फिरवत बसतो. ज्याचा विषय निघाला त्याच्याकडे बघितलं की पुरतं.

प्रॉडक्शन मॅनेजरांनी तोवर एक शब्द काढला नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कानस काढून घेतल्यावर तो जुना माणूस काय म्हणाला?’

‘चिडला. दोन दिवस बोलला नाही. मग मी त्याला बर मोजायचं काम दिलं. आता टूल उतरवायला तोच सांगतो.’

ते हसले. खुर्ची पुढे ओढली.

दोन प्रश्न, एक न आलेलं उत्तर

क्वालिटी हेडनी विचारलं: एका प्रोसेसचा सीपी १.८ आहे आणि सीपीके ०.९. काय सांगाल? (मापांचा पसारा मर्यादेत मावतो का, हे सीपी सांगतो; तो मध्यावर आहे का, हेही धरून सीपीके.) हा प्रश्न सोपा वाटतो, पण व्याख्या म्हणून सुटणारे खूप असतात. तिने आकडे वाचले: पसारा आटोक्यात आहे, सरासरी सरकली आहे, मधल्या रेषेपासून मर्यादेपर्यंतच्या अंतराच्या निम्मी. ‘मशीन चांगलं आहे, सेटिंग बिघडलंय. नवीन मशीन मागायच्या आधी सेटिंग बघेन.’ दुसऱ्या उमेदवाराने दोन्हींची सूत्रं बिनचूक सांगितली आणि सीपीके १.३३ च्या वर पाहिजे म्हणून प्रोसेस नापास आहे, असं म्हणाला. तेही खरंच. पण नापास झाल्यावर करायचं काय, ते तिच्या उत्तरात होतं.

मग मी व्हीडीए ६.३ बद्दल विचारलं. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेचं प्रोसेस ऑडिटचं मानक आहे ते; युरोपीय ग्राहक असलेल्या कंपन्यांना लागतं. ती म्हणाली, ‘नाव आणि हेतू माहीत आहे, वापरलेलं नाही. आमच्याकडे ग्राहकाच्या चेकलिस्टने ऑडिट व्हायचं. आयएटीएफ १६९४९ चं अंतर्गत ऑडिट केलंय, त्याच्या पायावर शिकायला किती वेळ लागेल, हे तुम्हीच सांगू शकाल.’ (आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक.) माहिती कुठपर्यंत आहे ती रेघ स्वच्छ ओढली, जवळचं जे येतं ते सांगितलं आणि थांबली. पॅनेलवर निदान एक जण त्या विषयात मुरलेला असतो, त्यामुळे थापा तिथे दहा सेकंदांत उघड्या पडतात. एका माणसापुढे कदाचित खपतात, पाचांपुढे नाही.

खरेदी व्यवस्थापकांचा प्रश्न खरा कसोटीचा होता, आणि हिंदीत होता. पुरवठादार एकुलता एक आहे, लॉटमध्ये दोष सापडलाय, चार तासांत आपली लाईन थांबणार आहे. माल घेणार की परत पाठवणार?

तिने आधी उलट विचारलं, दोष कोणत्या मापात आहे? सुरक्षिततेशी संबंधित असेल तर चर्चा नाही, माल थांबणार. नसेल तर गो-नो-गो गेज (पीस मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं) लावून शंभर टक्के सॉर्टिंग, पुरवठादाराची माणसं बोलावून, लाईनला लागतील तेवढे पीस आधी. सवलत द्यायचीच झाली तर ठरावीक संख्येला आणि ठरावीक तारखेपर्यंत, लेखी, आणि गरज असेल तिथे ग्राहकाची मंजुरी घेऊन.

‘और डेबिट नोट?’ म्हणजे खराब मालाचे पैसे पुरवठादाराच्या बिलातून कापणं.

‘लगाऊँगी सर. पण मी त्या बाजूला बसलेली आहे,’ ती परत मराठीवर आली. ‘छोट्या युनिटला डेबिट नोटपेक्षा अडकलेलं पेमेंट जास्त मारतं. कायद्याने पंचेचाळीस दिवस म्हणतात, पण वाद चालू आहे म्हणून सगळंच बिल थांबतं. वादातल्या पिसांचे पैसे थांबवा, बाकीचे सोडा. मग तो सॉर्टिंगला माणसं लगेच पाठवतो.’ २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातली ती पंचेचाळीस दिवसांची कमाल मुदत. खरेदी व्यवस्थापकांना ती तोंडपाठ होती आणि ती पाळणं किती जड जातं हेही. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. पण हा मुद्दा पुरवठादाराच्या बाजूला बसल्याशिवाय कुणाला सुचत नाही, हे सगळ्यांना कळलं. भोसरीचा अनुभव बायोडेटात कमी दिसत होता, इथे तोच कामाला आला.

नको असलेला प्रश्न

एचआरच्या मॅडमनी विचारलं, लग्न ठरतंय का, घरून फिरतीला हरकत नाही ना? पुरुष उमेदवाराला हे विचारलं गेलं नव्हतं. ती म्हणाली, ‘फिरतीच्या दिवसांचं जाहिरातीत वाचूनच अर्ज केलाय मॅडम, ते मला जमणार आहे. मुक्कामी राहायचं असेल तर आधी किती दिवस कळेल?’ लग्नाला हातही लावला नाही. प्रश्नामागचं जे कामाचं होतं, त्याचं उत्तर दिलं आणि पुढचा चेंडू त्यांच्याकडे टाकला.

माझं मत: हा प्रश्न पॅनेलवर कुणालाच विचारू नये, आणि अध्यक्षांनी तिथेच थांबवायला हवा होता. भरती करताना स्त्री म्हणून भेद करू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातच आलं होतं. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, आधीचे दोघं सोडून गेल्याची ती धास्ती होती. पण सोडून गेलेले ते दोघंही पुरुष होते.

पगाराच्या प्रश्नाला ती ढेपाळली. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ म्हणाली. इतकी तयारी केलेल्या माणसाने आकडा न आणणं मला पटलं नाही. नंतर ऑफर आली ती तिच्या आधीच्या पगाराच्या हिशेबाने आली, जागेच्या हिशेबाने नाही. ते तिला पुढे भांडून थोडं वाढवून घ्यावं लागलं.

‘तुम्हाला काही विचारायचंय?’

इथे बहुतेक जण ‘कंपनीत वाढीच्या संधी काय’ असं विचारतात. दुसऱ्या उमेदवाराने तेच विचारलं. तिने विचारलं, ‘पुरवठादाराचा लॉट रोखायचा अधिकार या जागेला आहे, की खरेदी विभागाची सही लागते?’

क्वालिटी हेड म्हणाले, अधिकार आहे. त्याच क्षणी खरेदी व्यवस्थापक म्हणाले, ‘साइन तो मेरा लगता है.’ दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रॉडक्शन मॅनेजर छताकडे बघायला लागले. ती काही बोलली नाही, वहीत लिहून घेतलं आणि ‘थँक यू’ म्हणाली.

आधीचे दोघं का सोडून गेले, याचं निदान अर्धं उत्तर त्या सेकंदात टेबलावर आलं होतं.

दार लागल्यावर

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. कंपनीची पद्धत बरी होती: दोघांना तेच पाच मुख्य प्रश्न, पाच निकष, प्रत्येकी पाच गुण, आणि एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकाने आपला कागद भरून उलटा ठेवायचा. ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीतून माणसाचं पुढचं काम सैल गप्पांपेक्षा चांगलं ओळखता येतं, हे श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या आढाव्यात दिसलं होतं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे नव्याने तपासले, बरेचसे खाली आले, पण ठरीव मुलाखत तेव्हाही निवडीच्या पद्धतींत अव्वल राहिली.

कागद उलटले. एकशे पंचवीसपैकी त्याला ९४, तिला ९१.

खरेदी व्यवस्थापक म्हणाले, मग झालं. क्वालिटी हेड म्हणाले, थांबा, प्रत्येक गुणाला एक पुरावा सांगा. कोणत्या उत्तरामुळे दिला ते सांगा, नाही आठवलं तर गुण कमी करा.

आणि इथे चित्र फिरलं. ‘समस्या सोडवणे’ या निकषावर त्याला चौघांनी चार-चार दिले होते. कशामुळे? एक जण म्हणाला, त्याने ते वेल्डिंगचं प्रकरण सांगितलं ना. काय होतं त्यात? वेल्ड तुटत होते, टीमने विश्लेषण केलं, पॅरामीटर बदलले. कोणते? आठवेना. त्याने काय केलं, टीमने काय केलं? त्याचं प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू झालं होतं, त्यामुळे कुणाला सांगताच येईना. उत्तरं चुकीची नव्हती. ऐकताना तर फारच छान वाटली होती. पण दुसऱ्याला सांगायला गेलं की हाती काही उरत नव्हतं.

तिच्या वेळी प्रॉडक्शन मॅनेजर बोलायला लागले. अख्ख्या मुलाखतीत एक प्रश्न विचारलेला माणूस. कानस, जुना ऑपरेटर, नवा पोरगा, काउंटर, सगळं त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं. मध्ये एक आकडा चुकला, तर खरेदी व्यवस्थापकांनी दुरुस्त केला, ‘चालीस हजार, पचास नहीं.’ ते ऐकून मला वाटलं, ठरलं. जो माणूस तिच्या विरोधात जाण्याची शक्यता सर्वांत जास्त होती, तो तिचा आकडा दुरुस्त करत होता.

पॅनेलपुढे उत्तर देताना हेच ध्यानात ठेवायचं असतं. समोर बसलेल्याला उत्तर पटलं पाहिजेच, शिवाय उमेदवार नसताना त्याला ते दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. एक वस्तू, एक माणूस, एक आकडा आणि ‘मी काय केलं’ एवढं त्यात असलं की ते हातोहात जातं. पाच मुद्द्यांचं सुबक उत्तर दारातच विरतं. ‘आम्ही’ म्हणण्यात नम्रता आहे, मराठी घरांत तशीच सवय लावतात, पण पॅनेलला ‘आम्ही’ची नेमणूक करता येत नाही. टीमने काय केलं ते एका वाक्यात सांगून मग ‘त्यात माझं काम हे होतं’ असं म्हटलं तर कुणी फुशारकी समजत नाही.

पुरावे मागितल्यावर त्याचे सहा गुण गेले. तिचा संवादकौशल्याचा एक कमी झाला, तोही त्या पहिल्या तीन मिनिटांमुळे, आणि दोन प्रॉडक्शन मॅनेजरांनी वाढवले. ८८ आणि ९२.

माझी यावर एक शंका आहे आणि ती मी तिथेही बोललो. पुरावा आठवणं म्हणजे गोष्ट चांगली सांगणाऱ्याला झुकतं माप. उत्तम काम करणारा, पण बोलायला रुक्ष माणूस यात मागे पडणार. क्वालिटी हेडना ते मान्य होतं. पुढच्या भरतीपासून त्यांनी मुलाखतीआधी वीस मिनिटांचा एक कागद सुरू केला: मुद्दाम चुका पेरलेला ८डी अहवाल उमेदवाराच्या हातात द्यायचा आणि खुणा करायला सांगायच्या. मूळ कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, हे ठरवायला वेळ लागला नाही. ‘ऑपरेटरचा हलगर्जीपणा’ लिहिलं.

दुसऱ्या उमेदवाराला नकाराचा ईमेल गेला नाही. त्याच कंपनीत कॉर्पोरेट ऑडिटची जागा निघणार होती, तिच्यासाठी त्याचा अर्ज बाजूला ठेवला. त्या कामाला तो जास्त शोभला असता असं माझं तेव्हाही मत होतं.

तिने ऑफर लगेच स्वीकारली नाही. लॉट रोखण्याच्या अधिकाराबद्दल जॉब डिस्क्रिप्शनमध्ये काय लिहिलंय, ते आधी पाठवा म्हणाली. एचआरला चार दिवस लागले, कारण क्वालिटी आणि खरेदी या दोन विभागांना आधी आपसात ठरवावं लागलं. शेवटी लिहून आलं की लॉट रोखण्याचा निर्णय सप्लायर क्वालिटी इंजिनिअरचा असेल, आणि चोवीस तासांच्या आत खरेदी विभागासोबत त्याचा फेरविचार होईल. खाली दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या होत्या. मग तिने भोसरीत राजीनामा दिला.